प्रतिस्वाक्षरी

फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी मेथी निवडत बसले होते.

"मॅडम, एक विचारायचं होतं. अनुभवाच्या रकान्यात काय लिहू?"

आवाज दबका. मागं कुणीतरी नावं पुकारत होतं. मी निवृत्त झाले त्या वर्षी जी बॅच बाहेर पडली, त्यातली ही मुलगी. घर बीड जिल्ह्यात, आईवडील दर वर्षी दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे. रात्रीच्या एसटीनं शहरात आली होती, एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्सच्या मुलाखतीला. हातात छापील अर्ज दिलेला. नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण जीएनएम म्हणजे नर्सिंगची पदविका, मार्क, परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक इथवर पेन सरळ चाललं आणि पुढच्या रकान्याशी अडलं.

"फ्रेशर लिही," मी म्हटलं.

"बरं मॅडम."

फोन बंद झाला आणि मी मेथीकडं बघत बसले. जुडी ताजी असली की भाव चढतो. नर्स ताजी असली की उतरतो.

सरकारी कागदात आमच्या पदाला पाठ्यनिर्देशिका म्हणतात. इतकी वर्षं त्या पदावर काढली आणि शेवटी एका शब्दात मी तिच्या तीन वर्षांवर रेघ मारली, तीही मेथी निवडता निवडता. त्या दिवसापासून मनातल्या मनात तो रकाना मी भरते आहे. हा लेख म्हणजे ते भरणंच समजा.

ती पहिल्या वर्षाला वॉर्डात उतरली तेव्हा बेडपॅन उचलताना तिनं तोंड फिरवलं होतं. मी तिला पॅसेजमध्ये नेलं आणि सांगितलं, वास येणारच, पण पेशंट भांड्याकडं बघत नसतो, तुझ्या तोंडाकडं बघत असतो. पुन्हा सांगावं लागलं नाही. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत मुडपणं, अंथरुणातच पेशंटला पुसून काढणं, कूस बदलून पाठीला पावडर लावणं, टीपीआरचा, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता भरणं ही पहिल्या वर्षाची कामं. इंजेक्शन आधी संत्र्याला, मग माणसाला. त्याच वर्षी तिच्या हाताखाली पहिला माणूस गेला. डोळे मिटवून, हनुवटीला पट्टी बांधून, पायांचे अंगठे एकत्र बांधून तिनं देह नातेवाइकांच्या हवाली केला आणि मग जेवायला गेली नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजता वॉर्डात हजर. पुढं ऑपरेशन थिएटर, लहान मुलांचा वॉर्ड, लेबर रूम, महिनाभर मनोरुग्णालय, महिनाभर प्राथमिक आरोग्य केंद्र. डोक्याला ओढणी गुंडाळून उन्हातून वस्त्यांवर लसीकरणाला.

आणि शेवटच्या वर्षाच्या नाइट. मेल मेडिकल वॉर्ड चाळीस खाटांचा. पावसाळ्यात तापाची साथ आली की दोन खाटांच्या मध्ये गाद्या टाकायच्या, मग साठ पेशंट. ड्युटीवर एक स्टाफ, तिच्याकडंही शेजारचा वॉर्ड जोडून दिलेला. म्हणजे प्रत्यक्षात ही मुलगी आणि एक मावशी. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयाला तीन रुग्णांमागं एक परिचारिका आणि साध्या रुग्णालयाला पाचांमागं एक, असं आहे. हे प्रमाण आम्ही मुलींकडून पाठ करून घेतो. परीक्षेत येतं.

साठ जणांची रात्र म्हणजे काय, हे ज्यानं काढली त्यालाच कळतं. दहाची इंजेक्शनं देऊन होईतो बाराच्या बीपीची वेळ. एकाची सलाईन संपलेली, दुसऱ्याच्या नळीत रक्त चढलेलं. दारू सुटल्यामुळं भ्रम झालेला एक जण खाटेवरून उतरून घरी निघालेला. दम्याच्या म्हाताऱ्याला बसता करून पुढं टेबल द्यायचं, ऑक्सिजनचा सिलिंडर किती उरलाय ते बघायचं, संपत आला असेल तर वॉर्डबॉय मामाला उठवायचं. प्लेटलेट उतरलेल्या पोराच्या हिरड्यांतून रक्त येतंय का ते टॉर्च लावून पाहायचं. पाचला रक्ताचे नमुने, सहाला स्पंजिंग, सातला सकाळच्या पाळीला ओव्हर. ओव्हर म्हणजे खाटेखाटेशी उभं राहून रात्रीचा हवाला देणं. ही मुलगी ओव्हर फार नेमका द्यायची. कुणाची लघवी किती झाली हे कागद न बघता सांगायची.

फाइलमध्ये मात्र ती नसते.

नोंद तिनं लिहिलेली, अक्षर तिचं. खाली तिची बारीक सही, पुढं एस. एन., आणि त्यावर ड्युटीच्या स्टाफची प्रतिस्वाक्षरी. इंजेक्शनच्या रजिस्टरला तर विद्यार्थिनीची सही चालतच नाही, तिथं थेट स्टाफचीच. नियम म्हणून हे बरोबर आहे. जिची नोंदणी झालेली नाही तिच्यावर पेशंटची जबाबदारी टाकता येत नाही. अर्थ एवढाच की जबाबदारी सहीत राहते आणि काम हातात. (एस. एन. म्हणजे स्टुडंट नर्सही आणि स्टाफ नर्सही. पुढं कुणी जुनी फाइल उघडली तर दोघींतली कोण होती हे कळायचं नाही. हा विनोद कुणी मुद्दाम केला नसावा.)

अशी तीन वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली काम करून मुलगी बाहेर पडते, आणि पहिल्याच दारात तिला विचारतात, अनुभव?

हा व्यवहार जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावानं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली शाळा निघाली तेव्हा उमेदवार मुलीला राहणं, जेवण, गणवेश आणि वर्षाला दहा पौंड मिळत. बदल्यात तिनं वर्षभर वॉर्डात राबायचं. हाच साचा मिशनच्या आणि सरकारी रुग्णालयांतून आपल्याकडं आला. मुंबईत १८९१ साली बाई काशीबाई गणपत शिकायला आल्या, त्या पहिल्या भारतीय परिचारिका, हे वाक्य प्रत्येक पहिल्या वर्षाची मुलगी पाठ करते. मिरजेला मिशनच्या डॉक्टर वॉनलेसांचं रुग्णालय १८९४चं, तिथं लवकरच परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन उभं केलं आणि विधवांना, गरजू बायकांना परिचर्या शिकायला ससून रुग्णालयात पाठवलं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, जातपात न पाहता कुणाचीही घाण काढायची, हे त्या वेळच्या पुण्याला किती झोंबलं असेल! नर्सिंगच्या इतिहासात नाइटिंगेलबाईंचा दिवा सगळ्यांना आठवतो. मला रमाबाईंची ती खटपट जास्त मोलाची वाटते. कारण ती दिव्यासारखी दिसत नाही, घरोघर जाऊन सासरच्यांना पटवण्यात खर्ची पडते.

त्या काळाला तो व्यवहार न्याय्यच होता. विधवेकडं फी द्यायला पैसे नव्हते, हात होते. रुग्णालयाकडं पैसे नव्हते आणि हात हवे होते. पण अमेरिकेत १९२३ सालीच जोसेफिन गोल्डमार्क यांच्या अहवालानं दाखवून दिलं की रुग्णालयाची गरज आणि मुलीचं शिक्षण यांच्या ओढाताणीत शिक्षण हरतं. आपल्याकडं आरोग्यव्यवस्था तपासणाऱ्या भोर समितीनं १९४६ साली मोजदाद केली तेव्हा सगळ्या हिंदुस्थानात परिचारिका निघाल्या सात हजार, म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागं एक. त्याच साली दिल्लीत आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज १९६४चं. पदवी आली, विद्यापीठ आलं, २०२१पासून बीएस्सीला आठ सत्रं आणि क्रेडिटंही आली. आमचं जीएनएम साडेतीन वर्षांचं होतं, ते तीनवर आलं. वॉर्डातली रात्र मात्र होती तशीच राहिली, कारण ती रात्र काढायला दुसरं कुणी नेमलेलं नव्हतं.

फरक एकच पडला. आता खासगी कॉलेजात हातही घेतात आणि फीही.

हे लिहिताना मला उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे निवृत्त बाईची कुरकुर होईल. ज्यांनी विद्यार्थिनींना राबवलं त्यांनी निदान शिकवलं. आता अशीही कॉलेजं आहेत जिथं राबायला पेशंटच नाहीत. कॉलेजचं स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय हवं, असं नियम सांगतो. इमारत असते, खाटा असतात, चादरी कोऱ्या असतात. तपासणीच्या दिवशी आसपासच्या गावांतून माणसं येऊन झोपतात आणि संध्याकाळी बरी होऊन जातात.

मी बाह्य परीक्षक म्हणून अशा एका ठिकाणी गेले होते. प्रसूतीशास्त्राची तोंडी परीक्षा. मुलीची केसबुक समोर, वीस बाळंतपणं सुवाच्य अक्षरात, प्रत्येकीला वेळ, वजन, वारेचा तपशील. मी विचारलं, वार सुटली हे कसं ओळखशील? तिनं तिन्ही खुणा धडाधड इंग्रजीत म्हणून दाखवल्या: नाळ लांबते, रक्ताचा लोट येतो, गर्भाशय गोल होऊन वर चढतं. छान. मग मराठीत विचारलं, तो लोट साधारण केवढा असतो गं? ती माझ्याकडं बघत राहिली. मग चमचाभर असावं तसा हात केला.

मी तिला पास केलं. बाहेर तिचे वडील पागोटं काढून गुडघ्यावर ठेवून बसले होते. शेत गहाण टाकून फी भरली होती, हे मला तिथल्या शिपायानं आधीच सांगून ठेवलं होतं. केलं ते बरोबर नव्हतं, पण मी तिला पास केलं, आणि त्या चमचाभर रक्ताची एक सही माझीही आहे.

आता त्या शहरातल्या रुग्णालयाच्या एचआरवाल्या माणसाच्या खुर्चीत बसून बघा. त्याच्यासमोर दोन अर्ज. दोघींकडं जीएनएमचं प्रमाणपत्र, दोघींकडं परिषदेची नोंदणी, मार्क तर कदाचित चमचेवालीचे जास्त. एकीनं साठ जणांच्या रात्री काढल्यात, दुसरीनं बाहुलीला सलाईन लावलंय. कागदावर फरक शून्य. फरक दाखवू शकणारी प्रत्येक नोंद दुसऱ्या कुणाच्या सहीनं झाकलेली. मग तो दोघींनाही फ्रेशर धरतो, आणि मी त्याला फार दोष देऊ शकत नाही. मात्र आपल्याला फरक कळत नाही, या सबबीवर तो दोघींचाही पगार कापतो. तिथं त्याची माझी वाट वेगळी होते.

कापण्याच्या रीती बऱ्याच आहेत. निकाल लागून परिषदेची नोंदणी हातात पडेपर्यंत काही महिने जातात, त्या मधल्या काळात 'ट्रेनी' म्हणून घ्यायचं. नोंदणी आली तरी 'सहा महिने बघू' म्हणून ट्रेनीच ठेवायचं. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची. दोन वर्षांचा बाँड लिहून घ्यायचा, मध्ये सोडलं तर पैसे भरा. मुली हे सगळं निमूट करतात, कारण दोन वर्षांचं 'एक्स्पीरियन्स लेटर' मिळालं की पुढची दारं उघडतात. त्या एका कागदासाठी दोन वर्षं गहाण.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१६ साली केंद्रानं नेमलेल्या समितीनं यावर स्वच्छ शिफारशी केल्या होत्या. दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचा पगार राज्य सरकारच्या परिचारिकेइतका. शंभर ते दोनशे खाटांना फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांना फार तर पंचवीस टक्के कमी. आणि पन्नासहून कमी खाटा असतील तरी महिन्याला किमान वीस हजार रुपये. मी हे आकडे माझ्या मुलींना फळ्यावर लिहून द्यायची. एकदा मागच्या बाकावरून एक जण म्हणाली, "मॅडम, हे पुसू नका, घरी फोटो पाठवते. माझ्या मोठ्या बहिणीला नोकरी लागलीय, तिला दाखवते." वर्ग हसला. बहिणीचा पगार किती ते मी विचारलं नाही.

तालुक्याच्या गावात तर प्रश्न आणखी वेगळा. तिथल्या पंधरा-वीस खाटांच्या दवाखान्यात पांढरा कोट घालून जी 'सिस्टर' सलाईन लावते ती बऱ्याचदा दहावी झालेली गावातलीच मुलगी असते, डॉक्टरांनी किंवा डॉक्टरांच्या बाईंनी हाताखाली तयार केलेली. हात तिचा चांगला बसलेला असतो, हे मी पाहिलंय. तिच्याकडं अनुभव आहे आणि नोंदणी नाही. माझ्या मुलीकडं नोंदणी आहे आणि म्हणे अनुभव नाही. डॉक्टर निम्म्या पगारात पहिलीला ठेवतात. पेशंटला दोघी सिस्टरच.

सरकारी नोकरीची गोष्ट थोडक्यात उरकते, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे. अधिपरिचारिकेच्या जागा रिकाम्या असतात आणि जाहिरात निघत नाही. निघाली की प्रश्नपत्रिकेत नर्सिंगच्या जोडीला मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन. लेबर रूममध्ये आडवं आलेलं मूल ओळखणारी मुलगी बहुव्रीही समासात अडकते. मुलगे असले तर आणखी अवघड. वॉर्डात त्यांना ब्रदर म्हणतात, आणि एम्सच्या भरतीतसुद्धा त्यांच्या वाट्याला शंभरातल्या वीस जागा. बाकी राहतं कंत्राट, अकरा महिन्यांचं. बाहेरच्या कंपनीमार्फत परिचारिका भरायचं ठरलं तेव्हा २०२२च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. लोकांना त्या रजा-भत्त्यांसाठी बसल्यात असं वाटलं.

करोनाचं मात्र सांगितलंच पाहिजे. २०२१च्या मे महिन्यात, दुसरी लाट डोक्यावर असताना केंद्र सरकारनं जाहीर केलं की बीएस्सी आणि जीएनएम झालेल्या परिचारिकांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटीवर घ्यावं, आणि शंभर दिवस ज्यांनी ही ड्युटी केली त्यांना पुढच्या सरकारी भरतीत प्राधान्य द्यावं. म्हणजे गरज पडली तेव्हा कालपर्यंतची 'फ्रेशर' अतिदक्षता कक्षात चालली, आणि शंभर दिवसांत तिचा अनुभवही तयार झाला! जम्बो सेंटरच्या मांडवाखाली पीपीई घालून आठ-आठ तास पाणी न पिता उभ्या राहिलेल्या किती तरी मुलींचं कंत्राट लाट ओसरताच संपलं. मांडव उतरवणारे आले तेव्हा याही बॅगा भरत होत्या.

अनुभव म्हणजे नेमकं काय, हे मला माझ्या स्वतःच्या पहिल्या रात्रीशिवाय सांगता येणार नाही.

स्टाफ म्हणून माझी पहिली नाइट पीएनसी वॉर्डात लागली, म्हणजे बाळंतिणींच्या. कोरी नोंदणी, इस्त्रीची टोपी, खिशात टॉर्च आणि कात्री. रात्री दोनच्या सुमारास टेबलाशी बसून नोंदी लिहीत होते. वॉर्डातली मावशी, वय पन्नाशीचं, निरक्षर, फडकं खांद्यावर टाकून आली आणि म्हणाली, "सिस्टर, चार नंबरची गप्प झालीय. मघा पाणी मागत होती. बघा जरा."

चार नंबरचं बाळंतपण संध्याकाळी झालेलं, अडचण काही नाही. पांघरूण काढलं तर पॅड भिजून खालची चादर भिजलेली. पोटावर हात ठेवला. गर्भाशय नारळासारखं घट्ट लागायला हवं, ते सैल मळलेल्या कणकेसारखं हाताखाली पसरलं. नाडी बारीक, जलद. हात आपोआप चोळायला लागले. मावशीला म्हटलं पायाकडून खाट उचल, विटा लाव. दुसऱ्या हातानं सलाईनची चावी पूर्ण सोडली, ऑक्सिटोसिन भरलं, मामाला डॉक्टरांकडं पिटाळलं. डॉक्टर येईपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. हाताखाली गोळा घट्ट होताना लागला तेव्हा मी रडत होते, हे मला मावशीनं नंतर सांगितलं.

हे सगळं मी शिकताना दोनदा केलं होतं. हात तेच, औषध तेच, पोटावरची ती जागाही तीच. पण दोन्ही वेळा माझ्या खांद्यामागं कुणीतरी उभं होतं. त्या रात्री मागं वळून बघितलं तर भिंत होती. अमेरिकेतल्या मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली याच धक्क्यावर एक पुस्तक लिहिलं, नव्या परिचारिका व्यवसाय सोडून का जातात याबद्दल. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिकी ते जाणती अशा पाच पायऱ्या मांडल्या. दोन्ही पुस्तकं मी नंतर वाचली आणि दोन्हींत मला ती भिंत दिसली. बेनरबाईंच्या पायऱ्यांवर आमची मावशी कुठं बसेल हेही मी शोधलं. बाळंतीण गप्प झाली यात काहीतरी बिघडलंय हे तिला कळलं होतं, आणि मला, नोंदणीकृत परिचारिकेला, टेबलाशी बसून कळलं नव्हतं. तिच्यासाठी तर कुठल्याच अर्जात रकाना नाही.

म्हणून रुग्णालयं जेव्हा म्हणतात की आम्हाला अनुभवी नर्स हवी, तेव्हा मला ऐकू येतं: जिच्यामागं कुणी उभं करायला लागणार नाही अशी हवी. एक जाणती सिस्टर तीन महिने नव्या मुलीबरोबर जोडून द्यायची म्हणजे एक पगार जास्तीचा. तो खर्च दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेला असावा, अशी प्रत्येकाची इच्छा. त्यातून वॉर्डात जो सासुरवास होतो तो वेगळाच. साठ पेशंट सांभाळणाऱ्या सीनियरला नवी मुलगी म्हणजे एकसष्टावा पेशंट वाटतो. ती खेकसते. खेकसलेली मुलगी पुढच्या वेळी विचारत नाही. आणि रात्री दोन वाजता न विचारलेली गोष्ट सकाळी सातच्या ओव्हरमध्ये महागात जाते.

आखाती देशांत जायचं तर साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, तेव्हा मुली इथल्या बाँडमध्ये दिवस मोजतात. जर्मनीची वाट आता मोठी झाली आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२४च्या फेब्रुवारीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. लातूर-नांदेडच्या मुली खोलीवर बसून जर्मन नामांची लिंगं पाठ करताना मी पाहिल्या आहेत, बी-टू पातळीपर्यंत भाषा लागते म्हणून. तिथली पद्धत समजून घेतली आणि मी चकित झाले. तिथं तीन वर्षांच्या शिक्षणात दोन हजार शंभर तास वर्ग आणि अडीच हजार तास प्रत्यक्ष काम, आणि शिकणारी मुलगी पहिल्या दिवसापासून करारावर, पगारावर. व्यवहार नाइटिंगेलबाईंचाच, फक्त त्यात मुलीचं नाव लिहिलेलं आहे.

परदेशच्या नोंदणीसाठी आमच्याकडं फॉर्म यायचे. अमेरिकेला जाणाऱ्यांचे फिलाडेल्फियातल्या सीजीएफएनएस या संस्थेचे. त्यात विद्यार्थिनी काही लिहीत नाही, शाळेनं भरायचं असतं: कुठला विषय, वर्गात किती तास, पेशंटजवळ किती तास. मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मनोरुग्ण, वेगवेगळे रकाने. मी कपाटावरून जुनी ड्युटी रजिस्टरं काढायची, धूळ झटकायची आणि एकेका मुलीच्या रात्री मोजत बसायची. रजिस्टरात त्या असायच्या. ड्युटी लावताना आम्ही त्यांची नावं लिहिली होती, फक्त काम झाल्यावर ती खोडली गेली होती. बेरीज करून, शिक्का मारून, पाकीट बंद करून मी ते पोस्टात टाकायची. पुण्या-मुंबईत ज्या तासांना कुणी विचारत नव्हतं ते तास समुद्रापार विचारले जात होते.

आणि त्या सकाळी फोनवर मी फ्रेशर म्हणाले. ती रजिस्टरं हातानं काढणारी मीच.

तिला ती नोकरी लागली. पगार लिहीत नाही. सहा महिने ट्रेनी राहिली, प्रमाणपत्रं अजून त्यांच्याच कपाटात आहेत. परवा रात्री अकराला तिचा पुन्हा फोन आला. रात्री फोन आला की आमच्या पोटात अजून गोळा येतो.

"मॅडम, झोपला होता का? कॉलेजची एक स्टुडंट आहे माझ्या ड्युटीला. सेकंड इयरची. तिनं सगळ्यांचं बीपी घेऊन नोंदी केल्यात. इनचार्ज म्हणतात, तू सही करून टाक. पण मी आयसीयूत होते, मी बघितलंच नाही." थोडी थांबली. "करू का?"

"ती कुठंय?"

"इथंच, पाच नंबरजवळ. उभीच आहे मघापासून."

"मग तिला घे बरोबर आणि एक नंबरपासून पुन्हा घ्या. तिला घेऊ दे, तू ऐक."

"चौदा आहेत मॅडम."

"बरं."

फोन तिनं ठेवला नाही, टेबलावर तसाच ठेवून दिला असावा. पावलांचा आवाज आला, खाटेची कुरकुर, मग तिचा आवाज, जरा खालच्या पट्टीत: घाबरू नकोस, पट्टा कोपराच्या वर बांध, आधी नाडी शोध. मग बराच वेळ काही नाही. मग पट्ट्यातली हवा हळूहळू सुटत गेल्याचा आवाज, आणि एक कोवळा, अजिबात खात्री नसलेला आवाज म्हणाला, "एकशे... एकशे बत्तीस?"